पब्लिक स्कूल छायाचित्रण, व्हिक्टोरियाकालीन

ईटन, हॅरो, रग्बी, विंचेस्टर इ. इंग्लंडमधील धनिकांच्या निवासी शाळांच्या वास्तू व विद्यार्थी यांचे एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रण. १८६८ च्या पब्लिक स्कूल्स कायद्याने अशा सात शाळांना वेगळे स्थान दिले.

या छायाचित्रणाच्या प्रसाराचा प्रश्न पेटंटच्या वादाशी निगडित आहे. कागदावर उलटी प्रतिमा (निगेटिव्ह) घेऊन तीवरून प्रती काढण्याच्या कॅलोटाइप पद्धतीचा जनक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट हा मूळचा हॅरोचाच विद्यार्थी. त्याने १८४१ मध्ये पेटंट घेतले. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची (काचेवर कलोडियन या चिकट द्रावणाचा थर देऊन तो ओला असतानाच चित्र घेण्याची) पद्धत पेटंट न घेता प्रसिद्ध केली, तरी तीही आपल्याच पेटंटात मोडते, असा टॅलबटचा दावा होता. डिसेंबर १८५४ मध्ये कलोडियन वापरणारा छायाचित्रकार लारोश याच्याविरुद्धच्या खटल्यात ज्यूरीने कॅलोटाइपचे श्रेय टॅलबटला दिले. पेटंटभंगाचा आरोप मात्र फेटाळला. पेटंटमुळे इंग्लंडमधील छायाचित्रण खुंटले, असे जुन्या इतिहासकारांचे मत आहे. काचेवरील सुस्पष्ट प्रतिमा आणि तीवरून निघणाऱ्या अनेक प्रती यांना पुढील प्रसाराचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते. ऑक्सफर्डच्या हिल्स अँड सॉन्डर्स या पेढीने पुढे ईटन व हॅरो येथे स्टुडिओ काढले.

ओली काच वाळण्यापूर्वी, साधारण दहा-पंधरा मिनिटांत, सर्व क्रिया उरकाव्या लागत; त्यासाठी अंधारा तंबू जवळच उभारीत. कलोडियनवर निळ्या प्रकाशाचा परिणाम चटकन होई, तांबड्याचा जवळजवळ होत नसे. त्यामुळे ईटनचा लाल विटांचा लप्टन मनोरा (सु. १५२०) काळवंडलेला, तर आकाश कोरे पांढरे उमटे. हलती माणसे अस्पष्ट होत किंवा उमटतच नसत. चौक निर्जन भासे. मनोऱ्यांच्या उभ्या कडा तिरप्या दिसू नयेत म्हणून कॅमेऱ्याचे भिंग वर सरकवीत. या साऱ्यामुळे मध्ययुगीन गॉथिक धाटणीची नवी इमारतही पुरातन वाटे. वास्तुकार गिल्बर्ट स्कॉटचे हॅरोतील व्हॉन ग्रंथालय १८६३ चे आहे, हे चित्रावरून ओळखणे अवघड. नव्या बांधकामाला जुन्या घराण्याची प्रतिष्ठा मिळवून देण्यात छायाचित्राचा वाटा मोठा आहे.

गटचित्रांत वास्तू पार्श्वभूमीला जाते आणि प्रतिष्ठेची उतरंड पुढे येते : मध्यभागी कर्णधार, मानाच्या टोप्या घातलेले खेळाडू, मागे कनिष्ठ मुले. शाळा चालविणारे नोकरचाकर सहसा चौकटीबाहेरच राहतात. ईटन सोडताना निवडक विद्यार्थी हेडमास्तरांना तैलचित्र भेट देत. पुढे मुले आपापसांत छोटी छायाचित्रे वाटू लागली. प्रथा पसरली, पण वर्तुळ तेच राहिले.

हिंदुस्थानात राजकोटचे राजकुमार कॉलेज (१८७०) व अजमेरचे मेयो कॉलेज (१८७५) याच नमुन्यावर निघाले. कोल्हापूरचे शाहू महाराज राजकोटला शिकले. मेयोच्या मुख्य इमारतीचा वास्तुकार चार्ल्स मँट यानेच कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला.