शिक्षक पात्रता परीक्षेतील अध्यापक विद्यालयांची कामगिरी (नाशिक जिल्हा)

पहिली ते आठवीच्या वर्गांवर शिक्षक म्हणून नेमणूक मिळण्यासाठी जी पात्रता परीक्षा (टीईटी) द्यावी लागते, तिच्यात एखाद्या अध्यापक विद्यालयाचे किती विद्यार्थी, कितव्या प्रयत्नात आणि कोणत्या विभागात किती गुण मिळवून उत्तीर्ण होतात, यावरून त्या विद्यालयाच्या कामाचे केलेले मोजमाप. महाराष्ट्रात या परीक्षेचा निकाल उमेदवाराच्या नावाने लागतो, विद्यालयाच्या नावाने नाही. त्यामुळे डी.एल.एड.चे (प्राथमिक शिक्षणातील पदविका अभ्यासक्रमाचे) प्रत्येक विद्यालय आपला आकडा स्वतः जमवते किंवा जमवतच नाही. प्रवेशाच्या दिवसांत फलकांवर झळकणारी टक्केवारी बहुधा पदविका परीक्षेची असते, टीईटीची नसते. नाशिकमध्ये डी.एल.एड.ला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हा फरक सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवा.

पार्श्वभूमी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ च्या कलम २३ अन्वये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी शिक्षकांची किमान अर्हता ठरवली आणि ११ फेब्रुवारी २०११ रोजी पात्रता परीक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने ही अट लागू केली. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी घेतली. त्यानंतर परीक्षा दरवर्षी नियमाने झालेली नाही. नोव्हेंबर २०२१ नंतरची परीक्षा थेट १० नोव्हेंबर २०२४ रोजी झाली. मधल्या तीन वर्षांत पदविका घेऊन बाहेर पडलेल्यांना राज्याची टीईटी देण्याची संधीच मिळाली नाही. त्या तुकड्यांचा निकाल 'शून्य' लावणे हा सरळ अन्याय ठरतो.

प्रमाणपत्राची मुदत आधी ७ वर्षे होती. जून २०२१ मध्ये ती आजन्म करण्यात आली आणि हा निर्णय २०११ पासून लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला, त्यामुळे प्राथमिकची वाट पुन्हा डी.एल.एड.मधूनच जाऊ लागली. त्याच न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेतील शिक्षकही या परीक्षेच्या कक्षेत आले: ज्यांच्या निवृत्तीला ५ वर्षांहून अधिक काळ आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे आहे, आणि त्याहून कमी काळ उरलेल्यांना पदोन्नतीसाठी ती लागेल. २३ नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेपासून नव्या तुकडीचे आणि सेवेतील शिक्षकांचे निकाल वेगळे काढल्याशिवाय विद्यालयाबद्दल काहीही बोलता येत नाही.

परीक्षेचे स्वरूप. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी आणि पेपर २ सहावी ते आठवीसाठी असतो. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण आणि अडीच तास. पेपर १ मध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा १, भाषा २, गणित आणि परिसर अभ्यास असे पाच विभाग असून प्रत्येकाला ३० गुण आहेत. पेपर २ मध्ये शेवटच्या दोन विभागांऐवजी गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एकाचे ६० गुण असतात. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, राखीव प्रवर्गांना व दिव्यांगांना ५५ टक्के. उत्तर चुकले तरी गुण कापले जात नाहीत. विभागवार उत्तीर्णतेची अट नाही, फक्त बेरीज पाहिली जाते. पेपर १ चा अभ्यासक्रम पाचवीपर्यंतचा असला तरी प्रश्नांची काठिण्यपातळी माध्यमिकपर्यंत जाऊ शकते, पेपर २ ची उच्च माध्यमिकपर्यंत. 'पाचवीचेच तर गणित' म्हणून निर्धास्त राहिलेला उमेदवार इथेच अडकतो. २०१३ पासूनच्या बहुतेक परीक्षांत राज्याचा निकाल एक आकडी टक्केवारीच्या पुढे गेलेला नाही.

टक्केवारी कशी काढावी. सगळा घोळ छेदात आहे. उदाहरणादाखल एक तुकडी घेऊ. प्रवेश ५०, अभ्यासक्रम पूर्ण केलेले ३८, टीईटीचा अर्ज भरलेले ३०, परीक्षेला बसलेले २६, पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण ४, दुसऱ्या प्रयत्नात आणखी ३. बसलेल्यांवर आणि दोन्ही प्रयत्न धरून टक्केवारी काढली तर ती २६.९ येते. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांवर, पहिल्याच प्रयत्नाची काढली तर १०.५. प्रवेश घेतलेल्यांवर पहिल्या प्रयत्नाची काढली तर ८. तुकडी तीच, मुले तीच. विद्यालयाने यांपैकी कोणता आकडा सांगितला हे विचारल्याशिवाय दोन विद्यालयांची तुलना करू नये. आमच्या मते पहिल्या प्रयत्नाचा, अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांवर काढलेला आकडा मुख्य मानावा आणि मध्येच गळालेल्यांची संख्या त्याच्या शेजारी द्यावी. पुढच्या प्रयत्नांतील यशात खासगी क्लासचा आणि उमेदवाराच्या वर्षा-दोन वर्षांच्या मेहनतीचा वाटा मोठा असतो, त्याचे श्रेय विद्यालयाकडे किती जाते हे ठरवता येत नाही.

छेदाची ही अडचण एकट्या महाराष्ट्राची नाही. अमेरिकेत उच्च शिक्षण कायद्याच्या १९९८ च्या दुरुस्तीने शिक्षक घडवणाऱ्या संस्थांना परवाना परीक्षांचे निकाल जाहीर करणे बंधनकारक केले. तिथे काही संस्थांनी परीक्षा उत्तीर्ण होणे हीच अभ्यासक्रम पूर्ण होण्याची अट केली, आणि 'अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांपैकी उत्तीर्ण' हा आकडा आपोआप शंभरावर गेला. आकडा छापण्याची सक्ती पुरेशी नसते, तो कशावर काढला तेही छापावे लागते.

छोट्या तुकडीचा प्रश्न वेगळा आहे. डी.एल.एड.चे मूळ एकक ५० जागांचे असले तरी अनेक ठिकाणी जागा रिकाम्या राहतात. २० जणांच्या तुकडीत एक विद्यार्थी पुढेमागे झाला की टक्केवारी ५ ने हलते. अशा विद्यालयांच्या किमान तीन तुकड्या एकत्र धरून टक्केवारी काढावी. केंद्रीय पात्रता परीक्षा (सीटीईटी) उत्तीर्ण झालेल्यांनाही उत्तीर्णांत धरावे, कारण राज्याच्या शिक्षक भरतीत ती चालते आणि पदविकेच्या अंतिम वर्षात असतानाही तिला बसता येते.

२०१९ च्या टीईटीचे (१९ जानेवारी २०२० रोजी झालेली) जुने आकडे वापरताना विशेष काळजी घ्यावी. त्या परीक्षेत गुण वाढवल्याचा गैरप्रकार उघड झाला आणि २०२२ मध्ये परीक्षा परिषदेने ७ हजार ८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. त्याआधी तयार केलेले विद्यालयाचे तक्ते पुन्हा तपासल्याशिवाय ग्राह्य धरू नयेत.

गुण कुठे जातात. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढीच नोंद ठेवणाऱ्या विद्यालयाला पुढच्या तुकडीसाठी काहीच हाती लागत नाही. समजा एका छात्राध्यापिकेचे गुण असे आहेत: बालमानसशास्त्र १९, मराठी २२, इंग्रजी १४, गणित १२, परिसर अभ्यास १७. बेरीज ८४. ती राखीव प्रवर्गातील असेल तर उत्तीर्ण, खुल्या प्रवर्गातील असेल तर ६ गुणांनी अनुत्तीर्ण. म्हणजे दोन विद्यालयांच्या टक्केवारीतला फरक कधी कधी शिकवण्याचा नसून विद्यार्थ्यांच्या प्रवर्गांचा असतो. सरासरी गुण सोबत दिले की ते दिसते. चार पर्यायांपैकी नुसते अंदाजाने गोल भरले तरी १५० पैकी सरासरी ३७-३८ गुण पडतात. हा पाया लक्षात घेतला तर ५० गुणांचा विद्यार्थी किती मागे आहे आणि ८४ गुणांची विद्यार्थिनी किती जवळ आहे ते उमगते. तिला सगळे पुन्हा शिकवायचे नाही. गणितातले ४ आणि इंग्रजीतले २ गुण वाढवायचे आहेत.

गणितात गुण जातात ते अपूर्णांक, शेकडेवारी, एकक रूपांतर आणि परिमिती-क्षेत्रफळ यांत. बारावी कला शाखेतून आलेल्या मुलामुलींचा गणिताशी संबंध दहावीलाच सुटलेला असतो. दोन वर्षांत ते गणिताचे पाठ टाचण काढतात, साधने करतात, पण स्वतः उदाहरणे सोडवण्याचा सराव फारसा होत नाही.

बालमानसशास्त्रात दुसरीच गोष्ट घडते. पदविका परीक्षेत मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या बौद्धिक विकासाच्या अवस्था लिहून गुण मिळतात, टीईटीत प्रसंग देऊन विचारतात. उदाहरणार्थ, एका मुलाने ३/४ + १/२ = ४/६ असे लिहिले. शिक्षकाने आधी काय करावे? 'बरोबर रीत फळ्यावर करून दाखवावी' हा पर्याय अनेकजण निवडतात, कारण त्यांनी स्वतः तसेच शिकलेले असते. अपेक्षित उत्तर 'त्याने हे कसे केले ते त्यालाच सांगायला लावावे' हे असते. मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते आहे हे कळल्याशिवाय पुढचे शिकवणे वाया जाते. ज्या छात्राध्यापकाने छात्रसेवाकाळात (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळात) मुलांच्या वह्या खरोखर तपासल्या, त्याला हे उत्तर पाठ करावे लागत नाही. राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत २० आठवड्यांचा शालेय सेवाकाळ आणि त्यासाठी ९० टक्के उपस्थिती सांगितली आहे. हजेरीपटावर सह्या आणि वर्गात कोणी नाही, असे जिथे चालते तिथे या विभागाचे गुण खाली राहणारच.

परिसर अभ्यासात चूक तयारीच्या साधनांची असते. बाजारातली जाड गाइडे वाचली जातात, बालभारतीची पुस्तके वाचली जात नाहीत. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक तर जिल्हावार निघाले होते. नाशिक जिल्ह्याची आवृत्ती आणि तिसरी ते पाचवीची बाकीची पुस्तके पाठीमागच्या स्वाध्यायांसकट एकदा नीट वाचून होणे, ही तयारी कोणत्याही प्रश्नसंचापेक्षा जास्त कामाची आहे.

नाशिक जिल्ह्यातील विशेष. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात विद्यार्थ्यांची भाषिक पार्श्वभूमी एकसारखी नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण भागांतील अनेकांच्या घरी कोकणा, भिली किंवा वारली बोली असते, बागलाण-मालेगावकडे अहिराणी. भाषा १ म्हणून मराठी घेताना समास, वाक्प्रचार आणि प्रमाण लेखनाचे प्रश्न या मुलांना अधिक कठीण जातात, आणि 'मराठी काय, येतेच' या समजुतीने त्याचा तास वेळापत्रकात नसतो. मालेगावात उर्दू माध्यमाचे उमेदवार मोठ्या संख्येने आहेत, त्यांचा निकाल मराठी माध्यमाच्या विद्यालयांशी सरमिसळ करून पाहू नये.

परीक्षेचा काळही महत्त्वाचा. अलीकडच्या परीक्षा नोव्हेंबरात झाल्या आहेत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत तेव्हा ऑक्टोबर छाटणीनंतरची डिपिंगची (घड द्रावणात बुडवण्याची) आणि विरळणीची कामे सुरू असतात आणि बागायतदाराची मुलगी असो की मजुराची, घरचे काम सोडता येत नाही. सराव दिवाळीनंतर ठेवला तर हे विद्यार्थी येत नाहीत. गणेशोत्सवाच्या आधी निम्मी तयारी झालेली असली पाहिजे. जादा तास संध्याकाळी ठेवण्याचाही उपयोग होत नाही, कारण पेठ-हरसूलकडची एसटी गेली की परतीची सोय राहत नाही. टीईटीचे तास नियमित वेळापत्रकातच बसवावे लागतात.

तयारीची रीत. प्रथम वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात पाचही विभागांची प्रत्येकी १० गुणांची पूर्वचाचणी घ्यावी आणि तीत पाचवी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतलेच प्रश्न असावेत. त्यावरून गट पाडून गणित व इंग्रजीला आठवड्याला दोन-दोन तास वर्षभर द्यावेत. परीक्षेआधी पूर्ण १५० प्रश्नांचे किमान चार सराव पेपर छापील गोलांच्या उत्तरपत्रिकेवर घ्यावेत, तोंडी किंवा मोबाइलवर नव्हे. एका प्रश्नाला एक मिनिट मिळते आणि त्यात गोल भरणेही आले. सगळी उत्तरे शेवटच्या दहा मिनिटांत उतरवू पाहणाऱ्याचा एक प्रश्न उतरवायचा राहिला की पुढची ओळच सरकते. गणिताचे ३० प्रश्न ३० मिनिटांत बसत नाहीत. भाषेच्या विभागांतून दहा-पंधरा मिनिटे वाचवून ती गणिताकडे वळवण्याची सवय सराव पेपरांतच लागते. शेवटी एकही गोल कोरा ठेवू नये.

परीक्षेनंतर अंतरिम उत्तरसूची लागली की आठवड्याच्या आत तुकडी बोलवावी, प्रत्येकाने विभागवार गुण मोजावेत आणि ते नोंदवहीत घ्यावेत. चुकीच्या उत्तराविरुद्ध आक्षेप घ्यायचा असेल तर अध्यापकाचार्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानाचा पुरावा काढून द्यावा. गुणांच्या सीमेवरच्या विद्यार्थ्याचे एका गुणावर वर्ष ठरते.

नोंदवही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने सर्व विद्यालयांसाठी एकच नमुना दिला तर जिल्ह्याचे चित्र दोन वर्षांत उभे राहील. त्या नमुन्यात प्रवेशवर्ष, बारावीची शाखा, माध्यम, प्रवर्ग, प्रयत्न क्रमांक, पेपर आणि विभागवार गुण एवढे रकाने पुरतात. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे (टेट) गुण त्यात मिसळू नयेत. ती २०० गुणांची चाचणी भरतीतील गुणानुक्रमासाठी आहे आणि तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसते. टीईटी आणि टेट या नावांच्या सारखेपणामुळे विद्यालयांच्या पत्रकांतही गल्लत झालेली आढळते.

नोंदी तुटतात त्या बहुतेक मुलींच्या. पदविकेच्या गुणपत्रकावर माहेरचे नाव, टीईटीच्या अर्जावर सासरचे, आणि मोबाइल क्रमांक बदललेला. विद्यालयाच्या लेखी ती 'संपर्क नाही' होते, मग छेदातून वगळली जाते किंवा अनुत्तीर्ण धरली जाते. पदविकेचा बैठक क्रमांक हाच नोंदीचा कायम क्रमांक ठेवावा, आणि निरोपाच्या दिवशीच प्रत्येकीकडून माहेरचा एक न बदलणारा संपर्क लिहून घ्यावा. अर्ज भरताना दहावीच्या प्रमाणपत्रावरचेच नाव घालावे आणि नावबदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवावे, म्हणजे पुढे भरतीच्या कागदपत्र पडताळणीत तिचे प्रमाणपत्र अडत नाही.