साठा सापडला, पण कुठला? रिसोर्स आणि रिझर्व्हमधला घोळ

आपल्या बातम्यांत खनिजांच्या, विशेषतः रेअर अर्थच्या, बाबतीत ‘साठा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना चिकटवतात, आणि मग आकड्याला भाव लावून गुणाकार सुरू होतात. एक रिसोर्स, दुसरा रिझर्व्ह. रेअर अर्थ म्हणजे १७ मूलद्रव्यं, मॅग्नेटसाठी निओडिमियम-प्रेसिओडिमियम हवं, हे माहीत आहे असं धरू. लिथियम त्या १७ मध्ये येत नाही, हेही एकदाचं सांगून टाकू.

रिसोर्स म्हणजे जमिनीखाली किती माल आहे याचा बोअरवरून बांधलेला अंदाज. पुण्यातल्या सोसायटीत बोअरवेल मारताना हॅमर खडकाचा भुगा करतो. खनिज मोजताना बहुतेकदा तेवढ्यावर भागत नाही. डायमंड बिटने साधारण ४८ मिलिमीटर जाडीची खडकाची दांडी, म्हणजे कोअर, काढतात. ती करवतीने उभी चिरून अर्धी लॅबला जाते, अर्धी पेटीत राहते. लॅबने नुसत्या आम्लावर भागवलं तर झिर्कॉन आणि झेनोटाइम ही खनिजं पुरती विरघळत नाहीत, आणि नेमकी जड रेअर अर्थ कमी दिसतात. त्यामुळे नमुना लिथियम बोरेटबरोबर वितळवूनच घ्यावा.

बोअर लांब लांब असले तर रिसोर्स ‘इन्फर्ड’, जवळ आले की ‘इंडिकेटेड’, अजून दाट झाले की ‘मेझर्ड’. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीचा ५९ लाख टन लिथियमचा आकडा गाजला, तो इन्फर्ड होता.

रिझर्व्ह हा त्या रिसोर्समधला काढून विकायला परवडणारा भाग. त्यासाठी किमान प्री-फीजिबिलिटी अभ्यास लागतो: खाणीचा आराखडा, प्रक्रिया, वाहतूक, वीज, परवाने, भाव. इन्फर्ड भाग रिझर्व्हमध्ये धरताच येत नाही. लोक अडखळतात ते इथेच, म्हणून आकडे मांडूनच बघू.

समजा, १० कोटी टन खडक, त्यात १ टक्का रेअर अर्थ ऑक्साइड. बातमी येते: ‘१० लाख टन साठा’. त्यातला ४ कोटी टन इन्फर्ड, तो गेला. आणखी २ कोटी टन खाणीच्या आराखड्याबाहेर. उरलेल्या ४ कोटींतला दहावा भाग खोदताना हाती न लागता मागे राहिला, तर रिझर्व्ह ३.६ कोटी टन खडक, म्हणजे ३.६ लाख टन ऑक्साइड. प्लांटमध्ये ६० टक्के हाती लागलं, की २.१६ लाख. त्यात निओडिमियम-प्रेसिओडिमियम २० टक्के धरलं, तर ४३ हजार टन. कुठे १० लाख आणि कुठे हे!

उत्तरेत ही गळती आणखी वाढते. कॅनडात यलोनाइफजवळच्या नेचालाचोला बारमाही रस्ता नाही. उन्हाळ्यात ग्रेट स्लेव्ह तळ्यातून बार्ज (सपाट मालवाहू बोट), हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता. गोठलेल्या जमिनीत बोअर मारताना ड्रिलचं पाणी नळ्यांतच गोठतं, म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात किंवा ते तापवून सोडतात. खनिजाची जात तर प्रतीपेक्षा, म्हणजे खडकात ऑक्साइड किती टक्के यापेक्षा, महत्त्वाची, आणि प्रतीच्या टक्क्यावर भाळणाऱ्यांना हे पटतच नाही. बॅस्टनासाइट आणि मोनाझाइट या रेअर अर्थच्या खनिजांना फोडायची रीत ठरलेली आहे. युडिअलाइट हे तिसरं खनिज आम्लात पटकन विरघळतं खरं, पण त्यातल्या सिलिकाची जेली होऊन फिल्टर तुंबतात. कागदावर मोठा रिसोर्स, प्लांटमध्ये खळ.

कधी कायदाच आडवा येतो. ग्रीनलंडने २०२१ मध्ये १०० पीपीएमहून (दहा लाख भागांत १०० भागांहून) जास्त युरेनियम असलेल्या साठ्यांच्या शोधावर आणि खाणकामावर बंदी घातली आणि रेअर अर्थचा क्वानेफ्येल्ड प्रकल्प अडकला. खडक होता तसाच होता.

स्वीडनमधल्या किरुनाची घोषणा जानेवारी २०२३ ची: दहा लाख टनांहून जास्त रेअर अर्थ ऑक्साइड. तोही रिसोर्स. शेजारी चालू लोहखाण आणि रेल्वे असूनही तिथल्या खाण कंपनीने तेव्हाच १० ते १५ वर्षं लागतील असं म्हटलं होतं. आपल्याकडे मथळ्यात दहा लाख आले, वर्षं आली नाहीत.

यापुढे असा आकडा दिसला की त्याच्या शेजारचा कट-ऑफही शोधा. कट-ऑफ म्हणजे किती टक्क्यांच्या वरचा खडक मोजणीत धरला तो. ०.८ चा ०.४ केला, की एकही नवा बोअर न मारता टनांचा आकडा फुगतो आणि सरासरी प्रत मात्र खाली येते.