दोरावरचा रंगारी कोणाचा?

इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला रंग देताना किंवा डक्टमधला पाइप बदलताना कामगार पडला, की दोर कशाला बांधला होता हे विचारण्याआधी हा माणूस कोणाचा, याची चौकशी सुरू होते. या प्रश्नाची मुळं जुनी आहेत.

1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक मजल्याहून उंच किंवा 12 फुटांच्या इमारतीची देखभाल-दुरुस्ती करणारा मजूर होताच. पण ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी काम देणाऱ्यावर यायची ती काम त्याच्या धंद्याचं असेल तरच. ‘आम्ही कुठे धंदा करतो?’ ही सोसायट्यांची ढाल तिथूनच आली.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने दुरुस्ती आणि देखभाल स्पष्ट शब्दांत व्याख्येत घेतली. अट मात्र किमान 10 कामगारांची. पावसाळ्याआधी झुला (दोरांवर लटकणारी फळी) टाकून रंग देणारी टोळी पाच-सहा जणांची असते. स्वतःच्या घराचं काम करून घेणाऱ्या एकट्या व्यक्तीला 10 लाखांपर्यंतच्या कामासाठी या कायद्यातून सूट होती.

खरा गुंता कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याबाबतच्या 2020 च्या संहितेने केला. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात 10 ची अट राहिलीच, वर सूट ‘व्यक्ती किंवा व्यक्तींचा गट’ अशी रुंदावली आणि मर्यादा 50 लाखांवर गेली. आता गृहनिर्माण सोसायटी म्हणजे व्यक्तींचा गट का? राहणारे गटच आहेत, काम त्यांच्याच निवासाचं आहे, असं एक बाजू म्हणेल. पण महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्यानुसार नोंदणी होताच सोसायटी सभासदांपासून वेगळी, स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती ठरते. करार तिच्या नावाने, चेक तिचा. मग सूट घेतानाच ती ‘गट’ कशी होते? मला हा अर्थ पटत नाही. सात मजली इमारतीचं रंगकाम सहसा 50 लाखांच्या आतच आटोपतं, म्हणजे हा अर्थ मान्य केला तर नेमकी हीच कामं संहितेबाहेर पडतात.

गच्चीवर पाहिलं तर झुल्याचा दोर पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलेला असतो, कठड्याच्या धारेवर गोणपाटाची घडी असते आणि कामगाराच्या सुरक्षा पट्ट्याचा हूक बऱ्याचदा त्याच दोरात अडकवलेला असतो. हुकासाठी वेगळा दोर हवा. नाहीतर झुल्याचा तो एकच दोर सुटला की झुला आणि माणूस दोघंही जातात.

1 जुलै 2024 पासून निष्काळजीपणाने मृत्यूची शिक्षा दोनवरून पाच वर्षांपर्यंत वाढली. गुन्हा मात्र बहुतेक वेळा मुकादमावरच नोंदला जातो.