प्रादेशिक आराखड्यातली ‘चूक’ आणि गावाची हरकत

गोव्यात जमिनीच्या वापरावरून वाद पेटला की बोलणे २००६ सालापाशी येतेच. त्याआधीचे थोडक्यात आटोपता येईल. नगर व ग्राम नियोजनाचा कायदा १९७४ चा, पहिला प्रादेशिक आराखडा, म्हणजे राज्यातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, १९८६ चा. कुळांच्या मालकीची झालेली शेतजमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरू नये, असा वेगळा कायदा १९९१ मध्ये आला. रूपांतरणे तेव्हाही होत होती. पण त्यांची चर्चा बहुतेक त्या त्या गावापुरती राही.

ऑगस्ट २००६ मध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला आणि हे चित्र पालटले. मसुदा जाहीर झाला होता, हरकती मागवल्या होत्या, कागदोपत्री सगळे रीतसर होते. मात्र अंतिम नकाशे हाती आल्यावर लोकांना त्यांत मसुद्यात नसलेले पट्टे वस्ती विभागात रंगवलेले दिसले. डोंगरउतार होते, बागायती होत्या, जंगलाला लागून असलेल्या जमिनी होत्या. ज्या नकाशावर हरकत घेतली तो एक आणि मंजूर झाला तो दुसराच, हे लोकांच्या जिव्हारी लागले. डिसेंबरात पणजीचे आझाद मैदान भरले. त्यात डाव्या-उजव्याचा, धर्माचा, तालुक्याचा भेद राहिला नव्हता. जानेवारी २००७ मध्ये सरकारने आराखडा मागे घेण्याची घोषणा केली. मंजूर होऊन अमलात आलेला राज्याचा आराखडा लोकांनी रद्द करायला लावला, अशी उदाहरणे देशात फार सापडणार नाहीत.

पुढची चार वर्षे या इतिहासातली सर्वांत मोलाची. तज्ज्ञांचा कृतिगट नेमला गेला, त्याने २००८ मध्ये ‘आराखडा २०२१’चा मसुदा दिला आणि सर्वे क्रमांक दाखवणारे नकाशे पंचायतींकडे गेले. ग्रामसभांतून समित्या निघाल्या. खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेतजमीन, कुठपर्यंत आहे, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने उतरते, कुठल्या झरीवर वाड्याची तहान भागते, हे ज्यांना रोजच्या वावरातून ठाऊक होते ती माणसे पहिल्यांदाच नकाशासमोर बसली. सगळ्याच गावांत हे सारख्या गांभीर्याने झाले नाही. आम्ही लिहून दिलेले अंतिम नकाशात उतरलेच नाही, अशी तक्रारही पुष्कळ ग्रामसभांनी केली आणि तिच्यात तथ्य होते. तरीही २०११ मध्ये पूर्ण झालेल्या या आराखड्यामागे गावांचे श्रम होते. राज्याची बहुतांश जमीन त्यात दोन पर्यावरणीय विभागांत ठेवली गेली: एकात जंगल, खारफुटी, जलाशय, खाजन शेती, दुसऱ्यात बागायती, मिठागरे वगैरे.

२०१२ मध्ये सरकार बदलले आणि आराखडा स्थगित झाला. त्यानंतर कितीतरी वर्षे तो ना पुरता लागू, ना पुरता रद्द, अशा अवस्थेत राहिला. २०१८ मध्ये नगर नियोजनाच्या कायद्यात कलम १६ ब घातले गेले. एखाद्याने अर्ज करून आपल्या जमिनीपुरता आराखडा बदलून मागावा, अशी ती सोय होती. तिला न्यायालयात आव्हान मिळाले, गावोगावी विरोध झाला आणि ती पुढे बाजूला पडली.

२०२३ मध्ये आलेल्या कलम १७(२) वर मात्र थांबायला हवे, कारण आजचा वाद कळण्यासाठी तेच नीट समजून घ्यावे लागते. मूळ कायद्याप्रमाणे आराखड्यात बदल करायचा तर पुन्हा तीच वाट चालायची: मसुदा, जाहीर सूचना, हरकती, विचार, मंजुरी. नव्या उपकलमाने दोन कारणांसाठी यातून सूट दिली. आराखड्यात ‘अनवधानाने राहिलेली चूक’ सुधारायची असेल किंवा विभागांची ‘विसंगत’ आखणी सरळ करायची असेल, तर नगर नियोजन खाते बदल करू शकेल. त्याचे शुल्क भरावे लागेल. लोकांकडून हरकती मागवण्याची अट नाही.

चुका नव्हत्याच असे कोणी म्हणू नये. पिढ्यान्पिढ्या नांदते घर नकाशात शेतात दिसते, मुलासाठी शेजारी दोन खोल्या वाढवायच्या तर परवाना अडतो, हे छोट्या मालकांचे खरे दुखणे होते. त्यांच्यासाठी सोपा मार्ग हवाच होता. पण नियमांत चूक ठरवण्याची जी पद्धत आली, तिने दार फार मोठे उघडले. अर्ज जमीनमालकाचा, त्याला जोडलेला अहवाल त्यानेच नेमलेल्या तज्ज्ञाचा. ही जमीन पूर्वीच्या आराखड्यात वस्ती विभागात होती, म्हणून आताची नोंद चुकीची, हा एक युक्तिवाद. शेजारचा भूखंड वस्ती विभागात आहे, म्हणून हा बागायतीत असणे विसंगत, हा दुसरा. हा दुसरा युक्तिवाद जास्त धोक्याचा आहे. प्रत्येक विभागाला कुठेतरी सीमा असतेच आणि सीमेवरच्या जमिनीचा शेजारी वेगळ्या विभागातला असणारच. एक भूखंड बदलला की सीमा पुढे सरकते आणि पुढचा भूखंड विसंगत ठरायला मोकळा होतो.

शिवाय पहिल्या युक्तिवादात गावांचे चार वर्षांचे कामच पुसले जाते. जुन्या आराखड्यात वस्ती असलेली एखादी उतरणीची जागा २०११ मध्ये मुद्दाम, विचार करून बाहेर काढली गेली असेल, तर तिला अनवधान कसे म्हणायचे?

अशा रीतीने लाखो चौरस मीटर जमिनीचे विभाग बदलले. गावाला ते राजपत्रातून कळत होते. त्याच २०२३ मध्ये भातशेती शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर निर्बंध घालणारा कायदाही झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. एका हाताने शेत विकायला बंदी आणि दुसऱ्या हाताने नकाशातले शेत वस्तीत, अशी दोन धोरणे एकत्र चालली.

१३ मार्च २०२५ रोजी उच्च न्यायालयाने १७(२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. कलम मात्र रद्द न करता त्याचा अर्थ आकुंचित केला: दुरुस्ती म्हणजे खरोखरची दुरुस्ती, तिच्या नावाखाली विभाग बदलता येणार नाही. लोकांच्या सहभागातून झालेला आराखडा एकेक भूखंड घेऊन असा पोखरता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली.

दरम्यान २०२४ मध्येच कलम ३९ अ कायद्यात आले होते. यात ‘चूक’ झाल्याचे निमित्तही लागत नाही. विभाग बदलण्याचा अधिकार सरळच दिलेला आहे. हरकतींसाठी तीस दिवस आहेत, आणि त्यावरच सरकारचा भर असतो. हे तीस दिवस प्रत्यक्षात कसे जातात ते पाहावे. सूचनेत सर्वे क्रमांक, क्षेत्रफळ, आताचा विभाग आणि मागितलेला विभाग एवढे मिळते. हरकत घेणाऱ्याने राजपत्रावर सतत नजर ठेवायची, क्रमांकावरून जागा ओळखायची, उतार आणि पाण्याची माहिती स्वतः जमवायची आणि लेखी द्यायची. पुढच्या सूचनेत नवे क्रमांक येतात, तेव्हा हेच पुन्हा. ग्रामसभेचा ठराव यात बंधनकारक नाही. २००८ मध्ये सगळा गाव एकत्र पाहिला जात होता, त्यामुळे दहा भूखंडांचे मिळून विहिरींवर आणि रस्त्यावर काय होईल हे विचारता येत होते. एकेका भूखंडाच्या सूचनेत तो प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

३९ अ लाही न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. २०२१ साल उलटून गेले, पण त्या आराखड्याची जागा घेणारा नवा आराखडा गावांपुढे ठेवला गेलेला नाही. ग्रामसभा ३९ अ विरुद्ध ठराव घेत आहेत. विभाग बदलण्याआधी त्या ठरावाला कायद्यात स्थान द्या, ही त्यांची मागणी नवी नाही. २००७ नंतर गावांना प्रत्यक्षात जे मिळाले होते, तेच ग्रामसभा कायद्यात लिहून मागत आहेत.