भात सोडला की पोट उतरते?

‘भात बंद करा, भाकर खा, आठवड्यात वजन उतरेल.’ तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या पोरांत हा निरोप वर्षानुवर्षे फिरतो. काटा खरेच उतरतो, म्हणून तो पटतो. पण एकूण धान्यच कमी खाल्ले की आधी शरीरातले ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, संपते. त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी असते, घटते ते बरेचसे हेच. कोरडा तांदूळ काय, ज्वारी काय, १०० ग्रॅमला ३५०च्या आसपास कॅलरी. ज्वारीत तंतू जास्त, एवढेच. (झुणक्यावरचे तेल मात्र कोणी मोजत नाही; ग्रॅमला ९ कॅलरी!) भंडारा-गोंदियात तर दोन्ही वेळ भात खाऊन माणसे धानात राबतात.

पडताळायचे? रोज सकाळी उपाशीपोटी वजन लिहा. भात पुन्हा सुरू करताच दोन दिवसांत किलोभर परतले, तर ते पाणीच होते.