९८ चे ८६ कसे होतात

२०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या लाटेत, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात रक्तातला ऑक्सिजन मोजणारा एकच ऑक्सिमीटर दहा-बारा घरांत फिरत होता. सकाळी आशाताई यायच्या, उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे करायला सांगायच्या, बोटाला चिमटा लावून वहीत आकडा लिहायच्या. त्या आल्या नाहीत की शेजारचा पोरगा हे काम करायचा. एका दुपारी त्याने माझ्या आत्याचा आकडा वाचला, ८६. झालं, घरात रडारड. बेळगावात बेड मिळतो का म्हणून फोनाफोनी झाली, गाडी ठरली, पिशवी भरली. आत्या मात्र चुलीपाशी भाकरी थापत बसली होती, तिला धाप नव्हती की काही नव्हतं. गाडी दारात येईपर्यंत आशाताई पोचल्या. त्या पोरासारख्या समोर उभ्या न राहता आत्याच्या बाजूला येऊन बसल्या. "अक्का, बोट इकडं करा की जरा." आकडा ९८ होता.

इंग्रजी आकड्यांत ९८ लिहा आणि कागद उलटा फिरवा, ८६ दिसतील. ८६ चे तसेच ९८ होतात, आणि ते जास्त वाईट, कारण दवाखान्यात न्यायचा माणूस घरीच राहतो. (९६ कसेही फिरवा, ९६ च राहतात.) आकड्याच्या शेजारी बारीक इंग्रजी अक्षरं असतात. ज्याला इंग्रजी येतं त्याला ती उलटी दिसताच शंका येते. आमच्याकडे मराठी किंवा कन्नड शाळेत चौथी-सातवी झालेल्यांना ती सुलट काय नि उलटी काय, नक्षीच. बटण दाबलं की आकडा फिरतो अशी सोय त्या यंत्रात होती, हे आम्हाला नंतर कळलं. पोराच्या खिशातल्या मोबाइलला असं काही सांगावं लागत नव्हतं. फोन आडवा केला की चित्र आडवं. २००७ साली आयफोन आला तेव्हापासून ही गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडली आहे.

ऑक्सिमीटरचं मूळ तत्त्व जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. पुढे ते यंत्र वाढलं ते ऑपरेशन थिएटरात, भूलतज्ज्ञाच्या डोळ्यांसमोर. तिथे आकडा कुठून वाचायचा हा प्रश्नच नव्हता. बोटावर मावण्याइतकं ते लहान झालं, स्वस्त झालं, औषधाच्या दुकानात मिळू लागलं. पण वाचणारा बदलला आहे, हे त्याच्या रचनेत कुठे उतरलंच नाही.

दवाखान्याच्या यंत्रांनी घरगुती वस्तूंकडून शिकावं, असं हल्ली सगळीकडे म्हटलं जातं. इतिहास बघितला तर सुरुवातीची देवघेव उलट दिशेची होती. ट्रान्झिस्टर हा विजेचा चिमुकला भाग बाजारात पहिल्यांदा आला तो रेडिओत नव्हे, कानाच्या यंत्रात. १९५२ च्या अखेरीस अमेरिकेत सोनोटोन १०१० हे श्रवणयंत्र निघालं. खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ त्यानंतर दोन वर्षांनी आला. ऐकू न येणारी माणसं जड बॅटऱ्या अंगावर वागवून कंटाळली होती, म्हणून लहान वस्तूला जास्त पैसे मोजायला तीच आधी तयार झाली.

पाच वर्षांत पारडं फिरलं. ३१ ऑक्टोबर १९५७ ला अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात वीज गेली. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया करत. त्या मुलांच्या हृदयाला विजेने ठोका देणारे पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चालायचे. लाईट जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. लिलेहाय यांनी रुग्णालयाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकन यांना गाठलं. बाकन यांना आठवलं ते 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या हौशी लोकांच्या मासिकात छापून आलेलं मेट्रोनोमचं सर्किट, म्हणजे रियाज करणाऱ्याला ठेका देणारं यंत्र. तोच ठेका स्पीकरऐवजी हृदयाला द्यायचा. गॅरेजमध्ये बसून त्यांनी साधारण चार आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर केला. मला यातलं सर्किट तितकंसं मोठं वाटत नाही. यंत्र दुरुस्त करणारा माणूस रोज वॉर्डात असायचा, ती तारांची गुंतवळ आणि ती मुलं त्याच्या डोळ्यांसमोर होती, हे मोठं.

शुगर मोजायच्या यंत्राची कथा जास्त रेंगाळली. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या एम्स नावाच्या कंपनीचं यंत्र आलं तेव्हा ते किलोभराच्या वर वजनाचं होतं आणि फक्त डॉक्टरांना नि रुग्णालयांना विकलं जायचं. रिचर्ड बर्नस्टीन हे इंजिनिअर, स्वतः लहानपणापासून मधुमेही. त्यांना ते यंत्र मिळेना, तेव्हा डॉक्टर असलेल्या बायकोच्या नावावर घेतलं. पट्टीवर रक्त टाकायचं, मिनिटभर घड्याळ बघायचं, मग पाण्याने धुवायचं, मग वाचायचं. धुण्या-पुसण्याची ही कटकट १९८७ च्या आसपास निघालेल्या यंत्रांनी संपवली. आज निपाणीत बिड्या वळणारी बाईसुद्धा घरी शुगर बघते, ते त्यानंतरचं. तरी पडद्यावर इंग्रजीत 'हाय' उमटलं की अजून गोंधळ होतोच. यंत्र नमस्कार करत नसतं. शुगर त्याच्या मापाबाहेर गेली आहे, बहुतेक यंत्रांत ५०० किंवा ६०० च्या वर, असा त्याचा अर्थ. यंत्र सर्वांत तातडीची गोष्ट सांगतं तीच नेमकी आकड्यात नसते. फोन मराठीत घ्या, कन्नडमध्ये घ्या, तक्रार नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण शुगरच्या मशीनला निकालाची वाट बघायचं कारण नाही.

आपल्या राज्यातला नमुना बसमध्ये बघायला मिळतो. निपाणी-चिकोडी गाडीतला कंडक्टर एका हाताने वरची दांडी धरतो, दुसऱ्या हातात तिकिटाचं मशीन, अंगठ्याने बटणं दाबली की तिकीट बाहेर. गर्दी, धूळ, पाऊस, खड्डे, सगळं सोसून ते मशीन चालतं. जनरल इलेक्ट्रिकच्या बंगळूरमधल्या इंजिनिअरांनी २००८ च्या आसपास मॅक ४०० हे हातात धरून नेता येणारं ईसीजी यंत्र केलं, त्यात असल्याच तिकीटयंत्रातला छोटा प्रिंटर वापरला. बटणं कमी करून चारवर आणली, बॅटरी दिली, आणि जुन्या यंत्राच्या निम्म्याहून कमी किमतीत ते बसवलं. लाईट नसलेल्या गावात ईसीजी निघू लागला.

पण उसनं घेतलं की खोडही बरोबर येते. तिकिटाचं काम तासाभराचं, ईसीजीचं वर्षानुवर्षांचं. उष्णतेने छापणारा हा कागद पांढरा पडत जातो. पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवलेला ईसीजी तीन वर्षांनी मिरजेला दाखवायला काढावा तर कोरी पट्टी. आता लोक लगेच झेरॉक्स मारतात किंवा मोबाइलवर फोटो काढतात. तो उपाय कुठल्या कंपनीने सुचवलेला नाही.

जे शिकायला हवं होतं आणि राहून गेलं, त्यात मी इन्सुलिनची सुई सर्वांत वर ठेवीन. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटचं, इन्सुलिनच्या पेनमधल्या काडतुसातलं १०० युनिटचं. सिरिंजाही दोन, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी. काडतुसातलं औषध ४० च्या सिरिंजने ओढून घेतलं की डोस अडीचपट होतो, आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. टोपण काढून फेकलं की उरतात त्या नळीवरच्या बारीक रेघा. सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो, ते उलटं बसतच नाही. भूल देण्याच्या यंत्रावर एका वायूचा सिलिंडर दुसऱ्याच्या जागी बसू नये म्हणून खुंट्यांची सोय कित्येक दशकांपासून आहे. म्हणजे वैद्यकाला ही युक्ती माहीत नव्हती असं नाही. घरी सुई टोचून घेणाऱ्यापर्यंत ती आली नाही.

आणि काही गोष्टी मोबाइलकडून मुळीच घेऊ नयेत. न वाचता 'ठीक आहे' दाबायची सवय ही पहिली. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका-कॅनडात थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्राने सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, त्यातले काही दगावले. मुळात दोष सॉफ्टवेअरचा होता, आणि आधीच्या मॉडेलमधले यांत्रिक अडसरही काढून टाकलेले होते. पण ऑपरेटरसमोर 'मालफंक्शन ५४' एवढंच यायचं. असले संदेश दिवसभर येत असायचे, आणि एक कळ दाबली की यंत्र पुढे चालायचं. त्यांनी कळ दाबली.

वापरणाऱ्याच्या हातून काय चूक होईल हे आधी तपासा, असं सांगणारं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६२३६६, २००७ चं. भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं औषध कायद्याखाली घेतली गेली. कोरोना तोवर दारात उभा होता.

आमच्या गावातला तो ऑक्सिमीटर अजून चालतो. त्या दुपारनंतर आशाताईंनी आपल्या कपाळावरची लाल टिकली काढून त्याच्या एका टोकाला चिकटवली आणि पोराला दाखवलं, टिकली तुझ्याकडं असली की आकडा सुलट. मधे एकदा ती पडली, तर आत्याने तिथे नवी लावली.