मोजणी आणि घरखरेदी (खानदेश)

मोजणी म्हणजे अभिलेखातल्या नकाशावरून मिळकतीच्या हद्दी प्रत्यक्ष जागेवर दाखवून देणे. हे काम भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक करतो आणि त्याचा नकाशा ‘क’ प्रत म्हणून अर्जदाराला मिळतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जुने घर किंवा प्लॉट विकताना ‘मोजणी झालेली आहे’ असे मोठ्या भरवशाने सांगितले जाते आणि घेणारा तितक्याच भरवशाने ते मानतो. मोजणीतून कळते ते एवढेच की जागा कुठे संपते. ती कोणाची, तिच्यावर आणखी कोणाचा हक्क, वर उभे असलेले घर किती टिकेल, हे तिच्या कामातच येत नाही.

याचे मूळ जुने आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलात खानदेशची पहिली शास्त्रीय मोजणी झाली ती शेतसारा ठरवण्यासाठी. त्यामुळे ‘काळी’ म्हणजे शेतजमीन नंबरवार मोजली गेली आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण नकाशावर एकसंध तुकडा म्हणून राहिले. आतली घरे, गल्ल्या, खळी कोणी मोजली नाहीत. शहरांत पुढे नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आल्या. खेड्यात मात्र घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तरीही आजवर असंख्य घरांचे व्यवहार त्यावरच झाले आहेत.

24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्यात येऊ लागल्या. काम मोलाचे आहे, पण त्याचीही सीमा आहे. खानदेशी गावातली धाब्याची घरे भिंतीला भिंत लावून उभी असतात. तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या आणि वर थापलेली खारी माती. आकाशातून दोन धाबी एकच दिसतात. म्हणून ड्रोन उडण्याआधी हद्दीवर चुना मारतात, आणि चुन्याची रेघ लोक दाखवतील तिथे पडते. मधली मातीची भिंत दोन-अडीच फूट रुंद असते आणि दोन्ही घरांच्या तुळया तिच्यात रुतलेल्या असतात. शेजारची आजी भिंतीला हात लावून म्हणते, “हाई भीत आमनी शे.” भिंत तिच्या सासऱ्याने बांधली की दोघांनी मिळून, हे कुठल्याही नकाशावर लिहिलेले नसते. घर पाडून नवे बांधायला घेतले की पहिला वाद याच भिंतीवरून उभा राहतो.

मापालाही मर्यादा आहे. जुनी मोजणी 33 फुटांच्या साखळीने झाली. त्या साखळीचा एक चौरस म्हणजे 1089 चौरस फुटांचा गुंठा. आता उपग्रहावर चालणारे रोव्हर आले, त्यांचे माप काटेकोर असते. परंतु ज्या नकाशाशी ते जुळवायचे तो कागद जुनाच. 1:500 प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 50 सेंटिमीटर. पाव मिलिमीटर जाडीच्या शाईच्या रेघेतच पाच इंच जागा मावते. शेतात पाच इंच गेले तर कळतही नाही, बारा फुटी घरात मात्र ते जाणवतात. खरेदीखतात क्षेत्रफळ आणि चतुःसीमा यांचा मेळ बसला नाही, तर न्यायालये साधारणपणे चतुःसीमेला अधिक वजन देतात. म्हणून आकड्याइतकेच ‘पूर्वेस कोण, दक्षिणेस काय’ हे शब्द तपासावे लागतात.

हक्कांचे तर मोजणीत नावच नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, म्हणजे ती खोटी ठरू शकते. वाटणी न झालेल्या घरातल्या बहिणींचा हिस्सा, वीस वर्षांहून अधिक काळ बिनहरकत चालू असलेली वाट किंवा खिडकीचा उजेड, सावकाराकडचे गहाण यांपैकी काहीही ‘क’ प्रतीवर दिसत नाही. त्यासाठी फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) आणि सूची क्रमांक 2 (नोंदणी झालेल्या दस्तांचा गोषवारा) यांचा शोध वेगळा घ्यावा लागतो. नंदुरबारमध्ये धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांत आणखी एक गोष्ट पाहिलीच पाहिजे. आदिवासी खातेदाराची जमीन संहितेच्या कलम 36 व 36अ प्रमाणे मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. तिथे मोजणी अचूक असूनही व्यवहार रद्द होऊ शकतो.

घराची तब्येत हा आणखी निराळा विषय. बँकेचा मूल्यांकनकार येतो तो कर्जाएवढी किंमत आहे का हे पाहायला. तापीच्या खोऱ्यात काळी कसदार माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंतींना तिरप्या भेगा पाडते. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) मुहूर्त धरून घर घेण्याची आपल्याकडे हौस आहे. तो काळ नेमका कोरडा. धाबे गळते की नाही ते तेव्हा दिसत नाही आणि ताज्या रंगाखाली भेगा बुजलेल्या असतात. मला विचाराल तर घर आखाजीला ठरवण्याआधी ते आदल्या श्रावणात एकदा पाहिलेले असावे. ते जमले नाही तर निदान कपाटामागची भिंत आणि तुळयांची टोके टोचून पाहावीत, वाळवी तिथेच असते. पांझरा, गिरणा, वाघूर यांच्या काठी निळी पूररेषा (25 वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल पूररेषा (100 वर्षांतून एकदा) कुठून जातात तेही पाहावे.

मोजणीचा अर्ज अभिलेखात नाव असलेला धारकच करू शकतो. त्यामुळे ती खरेदीखताआधी विकणाऱ्याकडूनच करून घ्यावी आणि त्या दिवशी आपण स्वतः हजर राहावे. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा मिळाल्या का, त्यांनी जागेवर हरकत घेतली का, हे त्याच वेळी समजते. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी (फेरमोजणी) आणि त्यापुढे सुपर निमताना मागता येते. अतिक्रमण निघाले, तरी भूकरमापक ते फक्त नकाशावर दाखवतो. ताबा परत मिळवायला मात्र सहसा दिवाणी न्यायालयात जावे लागते.